विंध्याच्या काठावर माउंटन बाइक : इंदूरकरांसाठी पहिल्या मोसमाची तयारी

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसले आहे. दक्षिणेला महूच्या पुढे गेले की हे पठार संपते आणि विंध्याचा कडा चोरल नदीच्या खोऱ्यातून खाली निमाडाकडे, नर्मदेकडे उतरतो. त्यामुळे आपल्या भागात दोन अगदी वेगळ्या जातीच्या वाटा मिळतात. रालामंडल आणि जानापाव या टेकड्या पठारावर उभ्या आहेत. तेथे पाय ताजे असताना चढ लागतो आणि थकल्यावर उतार मिळतो. पाताळपाणी, चोरल आणि कालाकुंडच्या बाजूला हा क्रम उलटा होतो. सकाळच्या गारव्यात आपण सहज खाली उतरतो आणि ऊन चढल्यावर, पाणी संपत आल्यावर तोच कडा चढून घरी परतावे लागते. राजेंद्रनगर आणि राऊकडच्या तरुणांबरोबर सायकल चालवताना मी पाहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आलेल्या होत्या. म्हणून या लेखातील क्रम असा आहे : आधी मोसम आणि माती, मग सायकल, मग मैदानावरचा सराव, त्यानंतर रालामंडल आणि जानापाव, आणि सर्वांत शेवटी चोरलची दरी. हा क्रम बदलू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

माती ओळखणे

माळवा हा दख्खनच्या लाव्हा पठाराचा भाग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हापासून येथील बेसाल्ट खडक बनला आणि तो झिजून आपली काळी कसदार जमीन तयार झाली. या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. शेतकऱ्यासाठी हा गुण वरदान आहे, कारण ओल महिनोन्‌महिने टिकते. सायकलस्वारासाठी मात्र तोच गुण वर्षातून दोनदा, दोन वेगवेगळ्या रूपांत समोर येतो.

पावसाळ्यात ही माती टायरला थरावर थर चिकटत जाते. काही मिनिटांतच पुढचे चाक धरणारा फोर्क आणि टायर यांच्यामधली फट भरते, चाक फिरेनासे होते आणि आपण जोर लावत राहिलो तर चिखलाने जड झालेली चेन गियर बदलणाऱ्या मागच्या डीरेलरला ओढून चाकात नेते. एका जूनमध्ये वळवाची सर येऊन गेल्यावर सिमरोलच्या अलीकडे शेतालगतच्या एका गाडवाटेवर माझ्याबाबतीत नेमके हेच घडले. डीरेलर ज्या लहानशा धातूच्या तुकड्यावर बसवलेला असतो तो हँगर तुटला आणि पुढचे दोन तास सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावे लागले. तेव्हापासून माझ्या सायकलीच्या मापाचा जादा हँगर कायम पिशवीत असतो. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि ऐन वेळी दुकानात मिळत नाही, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा मागवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

उन्हाळ्याकडे जाताना हीच माती भेगाळते. फेब्रुवारीनंतर बांधालगतच्या वाटांवर चाकाच्या रुंदीच्या भेगा दिसू लागतात. अशी भेग वाटेला समांतर असेल तर पुढचे चाक तिच्यात अडकून स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. भेग ओलांडायची असेल तर वेग कमी करून, शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी. ट्रॅक्टरच्या वाळलेल्या चाकोऱ्यांनाही हाच नियम लागू आहे : एकतर चाकोरीच्या तळातून सरळ जावे किंवा पूर्णपणे बाहेर राहावे, तिच्या काठावरून तिरके जाण्याचा प्रयत्न करू नये.

मुरमाची जमीन यापेक्षा पुष्कळ समंजस आहे. टेकड्यांच्या उतारावर काळ्या मातीचा थर पातळ असतो आणि खालचा लालसर मुरूम पाणी लवकर झिरपू देतो, त्यामुळे मोठ्या पावसानंतरही एक-दोन कोरड्या दिवसांत तेथे सायकल चालवता येते. वाटेवर शिरण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. बुटाची टाच जमिनीत दाबून फिरवावी. माती टाचेला चिकटून वर आली तर त्या दिवशी ती वाट सोडून द्यावी. यात केवळ आपल्या सोयीचा प्रश्न नाही. ओल्या मातीत आपल्या चाकाने पडलेली खाच पुढच्या पावसात पाण्याची नाली बनते आणि हिवाळ्यात दगडासारखी घट्ट होते. त्या वाटेने रोज जाणाऱ्या गुराख्यांना आणि बैलांना ती पुढचे सहा महिने सोसावी लागते. ज्यांची वाट आपण वापरतो त्यांच्यावर हा भार टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

एकंदरीत ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये कमरेएवढे वाढलेले गवत दगड झाकून टाकते, त्यामुळे ओळखीच्या वाटेवरही पहिली फेरी सावकाश करावी. मार्चपासून पुढे सकाळी नऊच्या आत परतण्याचा हिशेब ठेवावा.

सायकल

सुरुवातीला दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेल्या महागड्या सायकलीची गरज नाही. पुढे १०० ते १२० मिलिमीटर हालचालीचा चांगला फोर्क, मागे साधी चौकट, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि २७.५ किंवा २९ इंची चाके असलेली हार्डटेल सायकल येथील सर्व वाटांना पुरते. खर्च करायचाच असेल तर तो आधी टायर आणि ब्रेकवर करावा. टायर २.२ ते २.४ इंच रुंद आणि बाजूंना ठळक खुंट्या असलेले असावेत.

हवेच्या बाबतीत बहुतेकांची चूक एकच असते : ते शहरातल्या रस्त्याप्रमाणे टायर दगडासारखे टणक ठेवतात. टणक टायर खडीवर उड्या मारतो, पकड सोडतो आणि प्रत्येक धक्का मनगटापर्यंत पोहोचवतो. साधारण ७० किलो वजनाच्या स्वाराने ट्यूब असलेल्या टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतक्या हवेपासून सुरुवात करावी. ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २२ आणि मागे २५ पुरतात. वजन दहा किलोने जास्त असेल तर सुमारे दोन पीएसआय वाढवावेत. त्यानंतर एकच वाट पुन्हा पुन्हा चालवून एकेक पीएसआय कमी-जास्त करून पाहावे. दगडावरून जाताना रिम आपटल्याचा आवाज आला तर हवा फार कमी झाली, असे समजावे. यासाठी स्वतःचा हवामापक असणे आवश्यक आहे, कारण अंगठ्याने दाबून केलेला अंदाज या फरकापर्यंत पोहोचत नाही.

ट्यूबलेसचा आग्रह मी विशेषतः बाभळीमुळे धरतो. देशी बाभूळ, वेडी बाभूळ आणि बोर यांचे काटे टेकड्यांच्या पायथ्याशी सर्वत्र पडलेले असतात आणि एका सकाळी तीन-चार पंक्चर होणे येथे नवलाचे नाही. ट्यूबलेस टायरमधील सीलंट (चिकट द्रव) असे बारीक छिद्र आपोआप बुजवते. मात्र आपल्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासून भर घालावी.

फोर्कमध्ये हवेचा दाब भरण्याची सोय असेल तर तो आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा. फोर्कच्या नळीवरचे रबरी कडे खाली सरकवावे, पूर्ण सामानासह सायकलवर उभे राहावे आणि हळूच उतरून कडे किती वर सरकले ते मोजावे. एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये २० ते २५ मिलिमीटर इतका दबाव योग्य असतो. सीटची उंची मोजण्याची रीत अशी : पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. ही उंची चढासाठी आणि सपाटीसाठी असते. मोठा उतार सुरू होण्यापूर्वी सीट पाच ते आठ सेंटिमीटर खाली घ्यावी.

पिशवीत जादा ट्यूब, पंप, टायर काढण्याचे चमचे, पंक्चरचे साहित्य, चेन तोडण्याचे साधन असलेले मल्टीटूल, चेनची जोडकडी आणि तो हँगर असावा. ट्यूबलेस असले तरी ट्यूब सोबत हवीच, कारण धारदार बेसाल्टने टायरची कड कापली गेली तर सीलंटचा उपयोग होत नाही. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घातल्याशिवाय निघू नये.

मैदानावरचे दोन आठवडे

टेकडीवर जाण्यापूर्वी दशहरा मैदानावर किंवा घराजवळच्या कोणत्याही मोकळ्या जागेवर दोन आठवडे सराव करावा. बहुतेक जण ही पायरी वगळतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच पायरीची वाटते.

पहिला सराव उभे राहण्याचा. दोन्ही पेडले जमिनीला समांतर ठेवून सीटवरून उठावे, टाचा किंचित खाली, गुडघे सैल आणि कोपर बाहेरच्या बाजूला वाकलेले ठेवावेत. शरीराचा भार तळपायांवर असावा, तळहातांवर नसावा. हँडलवरची पकड क्षणभर सैल केली तरी तोल जात नसेल तर स्थिती बरोबर आहे.

दुसरा सराव ब्रेकचा, आणि यासाठी निम्म्याहून अधिक वेळ द्यावा. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. लहानपणी घरातल्या मोठ्यांनी पुढचा ब्रेक लावू नकोस असे बजावलेले असते. ती भीती मनात राहिल्याने अनेक जण केवळ मागचा ब्रेक ओढतात. मागचे चाक जागीच थांबते, घसरते आणि सायकल थांबतच नाही. दोन्ही ब्रेक प्रत्येकी एकाच तर्जनीने, हळूहळू दाब वाढवत लावायला शिकावे. वीस पावलांच्या अंतरावर रेघ ओढावी, धावत्या सायकलीवर रेघेपाशी ब्रेक सुरू करावा आणि कोणतेही चाक न घसरता किती अंतरात थांबता येते ते रोज मोजावे. शरीर किंचित मागे आणि खाली नेले की पुढचा ब्रेक किती जोरात लावता येतो, हे आपल्याला स्वतःलाच जाणवू लागते. नवीन ब्रेक असतील तर वेग घेऊन हळू होण्याची क्रिया वीस-पंचवीस वेळा केल्याशिवाय त्यांची पूर्ण ताकद येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

वळणासाठी जमिनीवर काही दगड मांडून त्यांच्यामधून जावे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि शरीरापेक्षा सायकल अधिक कलू द्यावी. वेग वळणाआधीच कमी करावा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जेथे संपते तेथे ठेवावी. सायकल नजरेच्या मागे जाते, याचा अनुभव येथेच येतो.

रालामंडल आणि जानापाव

शहराच्या आग्नेयेला असलेले रालामंडल हे १९८९ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या माथ्यावर होळकरांची शिकारगाह आहे आणि टेकडीची उंची सुमारे ७८० मीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, म्हणून प्रवेशद्वारावर रीतसर प्रवेशपत्र घ्यावे आणि त्या दिवशी सायकल कोणत्या वाटेवर नेता येईल हे वनकर्मचाऱ्यांना विचारूनच पुढे जावे. त्यांनी नाही म्हटले तर वाद न घालता पायथ्याबाहेरच्या मुरमाच्या वाटांवर सराव करावा. नवशिक्याला त्या पुरेशा आहेत. या जंगलात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर त्या परिसरात रेंगाळू नये आणि एकट्याने तर मुळीच जाऊ नये.

चढावर सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकावे, छाती हँडलकडे झुकवावी आणि कोपर खाली पाडावेत. मागे बसले तर पुढचे चाक उचलते आणि उभे राहिले तर मागचे चाक मुरमावर घसरते. या दोहोंच्या मधली जागा प्रत्येकाला स्वतः शोधावी लागते. गियर चढ सुरू होण्यापूर्वीच हलका करावा. जोर लावलेला असताना गियर बदलला तर चेन तुटण्याची शक्यता असते. बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगाने चढावे.

जानापाव एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) महूच्या पुढे आहे. ८५० मीटरहून अधिक उंचीची ही टेकडी परशुरामाचे जन्मस्थान मानली जाते आणि चंबळेचा उगम येथे होतो. येथून उत्तरेकडे वाहणारे पाणी चंबळेतून यमुनेला मिळते आणि दक्षिणेकडे उतरणारे पाणी नर्मदेला. माथ्यावर उभे राहून दोन्हीकडचे उतार पाहिले की पाताळपाणीच्या बाजूला काय वाढून ठेवले आहे, हे नकाशाशिवाय कळते. वर जाण्यासाठी पक्का रस्ता आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत रस्त्यानेच चढून रस्त्यानेच उतरावे. त्यानंतर पायवाटेचा खालचा तुकडा पायी चालत वर जाऊन पाहावा आणि मगच तो सायकलवर उतरावा. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत भाविकांची गर्दी असते, तेव्हा सायकल घेऊन जाऊ नये.

पायवाट निवडताना जगभर सायकलवाटा बांधणारे लोक जो आडाखा वापरतात तो उपयोगी पडतो : वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा आणि सरासरीने दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटरमागे दहा मीटर असावा. माथ्यावरून नाकासमोर खाली जाणारी वाट पाणी आपल्या अंगावरून वाहून नेते, म्हणून तिच्यात सुटे दगड आणि खोल खाचा असतात. गुरांनी तुडवलेली, डोंगराला वळसा घालत जाणारी वाट लांब असली तरी टिकाऊ आणि सुरक्षित असते.

उतारावर सर्व काही ब्रेकच्या वेळेवर अवलंबून असते. सुट्या दगडांचा पट्टा दिसला की त्याच्या अलीकडे, घट्ट जमिनीवर वेग कमी करावा, आणि दगडांवरून जाताना ब्रेक सोडून चाके मोकळी फिरू द्यावीत. दगडावर घाबरून ब्रेक दाबला की चाक थांबते आणि थांबलेले चाक वळत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवले तर ते तापतात आणि हातही आखडतात. थोडे लावून थोडे सोडण्याची लय बसवावी. एखादा टप्पा पाहून मनात शंका आली तर उतरून सायकल हाताने न्यावी. माझ्या ओळखीचे उत्तम स्वार आजही कित्येक ठिकाणी उतरतात.

चोरलची दरी

जानापावच्या पाच-सहा फेऱ्या विनासायास झाल्यावर दरीचा विचार करावा, आणि तोही किमान तिघांच्या गटाने. एखाद्याला दुखापत झाली तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्याने मदत आणावी, यासाठी तिघे लागतात. दरीत मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही. कोणत्या वाटेने उतरणार, कोणत्या वाटेने चढणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी लिहून ठेवावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक रेंज असेल तेथूनच लावता येतील, म्हणून शेवटची रेंज कोठे होती हे उतरताना लक्षात ठेवावे.

पाण्याचा हिशेब उलट्या क्रमाने करावा. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी लागते. उतरायला एक तास आणि चढून यायला अडीच तास लागणार असतील तर तळाशी पोहोचेपर्यंत एकूण पाण्याच्या एक तृतीयांशाहून अधिक संपता कामा नये. एका बाटलीत ओआरएस घ्यावे. खाण्यासाठी केळी, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की बरी पडते. निघण्यापूर्वीच्या पोहे-जिलबीवर तीन तासांचा चढ निभत नाही. चढाला सुरुवात करण्यापूर्वी तळाशी वीस मिनिटे सावलीत बसून खाऊन घ्यावे. निम्मा चढ झाल्यावर भूक लागली तर उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात या दरीत उतरू नये. चोरल नदीला वरच्या भागातील पावसाने अचानक लोंढा येतो, मग आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असले तरी. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला पात्रात उभे असलेले एक कुटुंब अशाच लोंढ्यात वाहून गेले होते. पावसाळ्यानंतरही पात्रात बसून विश्रांती घेऊ नये.

मीटरगेजच्या जुन्या रेल्वेमार्गाचे बोगदे आणि पूल छायाचित्रांत मोहक दिसतात, परंतु रुळांलगत किंवा पुलांवरून सायकल नेणे धोक्याचे आणि बेकायदेशीर आहे. महूच्या परिसरातील बेरछा येथे लष्कराचा गोळीबार सराव चालतो. लाल निशाण, फलक किंवा कुंपण दिसताच मागे वळावे, आणि जमिनीवर पडलेल्या कोणत्याही धातूच्या तुकड्याला हात लावू नये. कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्याखालून जाताना आरडाओरडा करू नये आणि तेथे थांबू नये.

गावातून जाताना वेग चालण्याइतका ठेवावा. समोरून गुरे आली तर सायकलीवरून उतरून उताराच्या खालच्या बाजूला उभे राहावे आणि गुराख्याला "राम राम दाजी" म्हणून वाट विचारावी. कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे आणि कोणती वाट पिकात गेली आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. शेताचे फाटक जसे असेल तसेच ठेवून पुढे जावे.

परतल्यावर

सायकल जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरते. चिखल पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झाडावा आणि ओल्या फडक्याने चौकट पुसावी. चेन कोरड्या फडक्यातून उलटी फिरवून साफ करावी, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल द्यावे, दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून काढावे. बाहेर राहिलेल्या तेलावर माळव्याची धूळ बसते आणि ती कानशीसारखी दाते झिजवते. तेल डिस्कवर उडणार नाही याची खबरदारी घ्यावी. शेवटी दोन्ही टायर हाताने सावकाश फिरवून रुतलेले काटे शोधावेत. ट्यूब असेल तर ते काटे चिमट्याने तेव्हाच काढावेत. ट्यूबलेस असेल तर काटा काढताच ती जागा खाली येईल असे चाक फिरवून ठेवावे, म्हणजे सीलंट तेथे जमा होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पुन्हा मोजावी आणि दोन पीएसआयहून अधिक उतरली असेल तर पुढच्या फेरीआधी त्याचे कारण शोधून काढावे.